सांगावं कुणाला, आणि कसं?



आज ज्या विषयावर बोलायचं आहे तो घरात चार माणसं बसलेली असताना कानावर आला, तर पुष्कळांना रेडिओचा आवाज कमी करावासा वाटेल. कृपा करून तो कमी करू नका. विषय आजाराचा आहे, औषधाचा आहे, आणि त्याहूनही अधिक माणसानं माणसाशी खरं बोलण्याचा आहे.

लैंगिक आरोग्याविषयी उघड बोलायला आपल्या महाराष्ट्रात कुणी धजलंच नाही असं नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं आणि १९५३ साली त्यांचं निधन होईपर्यंत ते चालवलं. वाचकांच्या प्रश्नांना ते सरळ उत्तरं देत. त्यापायी त्यांच्यावर खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. खटल्याचा निकाल कर्व्यांच्या विरुद्ध गेला. परंतु जे प्रश्न माणसाला पडतात त्यांची उत्तरं त्याला मिळाली पाहिजेत, हे त्यांचं म्हणणं आज नव्वद वर्षांनंतरही खोटं ठरलेलं नाही. त्याच वाटेवरचा एक प्रश्न आज आपण घेऊ.

एच.आय.व्ही. हे नाव आता खेड्यापाड्यांतही नवीन नाही. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लाल फितीचं चित्र आपण सर्वांनी पाहिलेलं आहे. हा विषाणू शरीराची रोगांशी लढण्याची ताकद हळूहळू पोखरतो. तो पसरतो चार वाटांनी: असुरक्षित लैंगिक संबंधातून, बाधित रक्तातून, एकाच सुईच्या वापरातून आणि आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्यानं, एका विहिरीचं पाणी प्यायल्यानं, डास चावल्यानं, मिठी मारल्यानं किंवा शाळेत एका बाकावर बसल्यानं तो पसरत नाही. आमच्या त्र्यंबकच्या कुशावर्तात रोज शेकडो माणसं शेजारी शेजारी स्नान करतात. त्यानंही तो पसरत नाही. एवढं तर शाळेतली मुलंही आता सांगतात.

पण भिंतीवरच्या त्या चित्रात बहुतेक वेळा एक नवरा, एक बायको आणि एक मूल असतं. चित्रात जे दिसत नाहीत, अशाही माणसांना हा आजार होतो. काही पुरुषांना पुरुषांविषयीच ओढ असते. त्यांना आपण समलिंगी म्हणतो. काहींना स्त्री आणि पुरुष या दोघांविषयीही ओढ असते. त्यांना उभयलिंगी म्हणतात. ही माणसं मुंबई-पुण्यात असतात आणि आपल्याकडे नसतात, अशी जर कुणाची समजूत असेल तर ती त्यानं सोडून द्यावी. ती आपल्या पाड्यावर आहेत, आपल्या वारीत आहेत, आपल्या भजनी मंडळात आहेत. बोलत नाहीत, एवढंच. हा काही रोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच आपल्या रोगांच्या यादीतून समलैंगिकता काढून टाकली आहे.

आता आकड्यांकडे पाहू. आपल्या देशात प्रौढ माणसांमध्ये एच.आय.व्ही.चं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे, म्हणजे हजारात दोन. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये २०२१ सालच्या सरकारी पाहणीत ते ३ टक्क्यांहून थोडं अधिक आढळलं, म्हणजे हजारात तीसच्या वर. बाधित माणसांची एकूण संख्या पाहिली, तर देशातल्या राज्यांत आपला महाराष्ट्र सर्वांत पुढे आहे.

हा एवढा फरक का पडावा? पुष्कळ लोक चटकन उत्तर देतात, की ही माणसं बेफिकीर असतात. हे उत्तर सोपं आहे, पण ते खरं नाही. यासाठी एक दूरचं उदाहरण सांगतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांत हा आजार फार आहे. तिथल्या रोगनियंत्रण खात्यानं २०१६ साली अंदाज मांडला, की लागणीचं तेव्हाचं प्रमाण तसंच चालू राहिलं, तर त्यांच्यातल्या दर दोघांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी बाधा होईल. संशोधकांनी कारण शोधलं. त्यांना वाटलं होतं, ही माणसं गोऱ्या समलिंगी पुरुषांपेक्षा अधिक धोका पत्करत असतील. तपासाअंती तसं काही दिसलं नाही. निरोधाचा वापर, जोडीदारांची संख्या, यांत ती मंडळी कुणापेक्षा अधिक बेजबाबदार नव्हती. मग फरक कुठे होता? त्यांच्या छोट्याशा वर्तुळात आजार आधीच अधिक होता. कित्येकांना आपल्याला बाधा आहे हेच ठाऊक नव्हतं. आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना दवाखाना, औषध आणि विश्वासाचा डॉक्टर सहजी मिळत नव्हता. विहिरीचं पाणी दूषित असलं, तर एक घोट पिणाराही आजारी पडतो. दोष त्याच्या तहानेचा नसतो.

आपल्याकडची गोष्ट याहून फारशी निराळी नाही. त्यात शरीरशास्त्राचंही एक कारण आहे: गुदमार्गाची आतली त्वचा नाजूक असते, तिला चटकन इजा होते, म्हणून निरोधावाचून केलेल्या अशा संबंधात लागणीचा धोका अधिक असतो. पण त्याहून मोठं कारण आहे लपवाछपवीचं. जे अंधारात, घाईत आणि भीतीत होतं, त्यात काळजी घ्यायला सवड नसते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. ज्याला बाधा झाली आहे त्यानं ती कुणाला सांगावी?

ऐकणाऱ्याला वाटतं, यात विचारायचं काय? सरळ सांगून टाकावं. परंतु सांगणाऱ्याच्या जागी क्षणभर उभे राहून पाहा. समलिंगी माणसाला एका वेळी दोन गोष्टी सांगाव्या लागतात. 'मला हा आजार आहे' ही एक, आणि 'मी असा आहे' ही दुसरी. पहिली सांगितली, की ऐकणारा दुसरी विचारतोच. आणि दोहोंपैकी कुठल्याही एकीपायी घर, नोकरी, भाऊबंद सुटण्याची भीती असते.

ही भीती उगीच नाही. शेजारच्या गोव्यातली १९८९ सालची हकिकत पाहा. डॉमिनिक डिसोझा या तरुणानं रक्तदान केलं होतं. त्याच्या रक्तात हा विषाणू आढळला. गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्यात बाधित माणसाला अलग ठेवण्याची तरतूद होती. त्याला पोलिसांकरवी नेण्यात आलं आणि क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत एकट्याला ठेवण्यात आलं, एकूण ६४ दिवस. त्यानं कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगायला त्याला अवधीच मिळाला नाही. त्याच्या आधी सगळ्या गावाला कळलं होतं. त्याच्या आईनं, ल्युसी डिसोझा यांनी, उच्च न्यायालयात दाद मागितली. पुढे डॉमिनिकनं बाधित लोकांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. १९९२ साली तो गेला. त्याच्यासारखी वागणूक ज्यांनी पाहिली, ते तोंड मिटून बसले तर त्यांना दोष कसा द्यावा?

आणि वाळीत टाकणं म्हणजे काय, हे आम्हां त्र्यंबककरांना कुणी शिकवायला नको. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी निवृत्तिनाथांची समाधी आहे. पौष वद्य एकादशीला तिथे वारकऱ्यांची गर्दी लोटते. त्या निवृत्तिनाथांना आणि त्यांच्या भावंडांना 'संन्याशाची पोरं' म्हणून समाजानं दूर लोटलं, त्यांच्या आईवडिलांना प्राणाचं मोल द्यावं लागलं, असं परंपरा सांगते. ज्यांना वाळीत टाकलं त्यांच्याच समाधीपुढे आपण आज डोकं ठेवतो. सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या राज्यानं २०१६ साली खास कायदा केला आणि २०१७ साली तो अमलात आला, यावरूनच ही खोड अजून गेलेली नाही हे उघड आहे.

तेव्हा न सांगण्याला कारणं आहेत. पण न सांगण्याचे परिणामही आहेत, आणि ते दुसऱ्याच्या जिवावर बेततात. इथेच हा प्रश्न खरा अवघड होतो.

पहिला परिणाम असा, की सांगण्याच्या जागी अंदाज येतो. दोघे भेटतात. एकाला वाटतं, याला काही असतं तर यानं सांगितलंच असतं. दुसऱ्याला वाटतं, याला काळजी असती तर यानं विचारलंच असतं. दोघेही गप्प. एकमेकांच्या अंगाकडे पाहतात: धट्टाकट्टा आहे, रंग उजळ आहे, चांगल्या घरचा दिसतो. म्हणजे काही नसणार! श्रोतेहो, एच.आय.व्ही. चेहऱ्यावर दिसत नाही. बाधा झाल्यावर माणूस कित्येक वर्षं निरोगी दिसू शकतो.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. ज्याला ठाऊकच नाही तो सांगणार काय? एखादा अगदी प्रामाणिकपणे म्हणेल, 'मला काही नाही, मी मागच्या दिवाळीत तपासून घेतलं.' पण दिवाळीनंतर काय झालं? शिवाय लागण झाल्यावर पहिले काही आठवडे तपासणीत ती दिसत नाही. म्हणून धोक्याचा संबंध झाला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं. आणि याच सुरुवातीच्या काळात माणसाच्या रक्तात विषाणू फार असतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की आपलं संरक्षण दुसऱ्याच्या सांगण्यावर सोपवू नका. निरोध दर वेळी वापरावा. त्याच्याबरोबर तेल किंवा व्हॅसलीन लावू नये, त्यानं तो फाटतो. पाण्यात मिसळणारं वंगण वापरावं. ठरावीक काळानं तपासणी करून घ्यावी. बाधा नसलेल्या पण धोका असलेल्या माणसानं रोज घ्यायची प्रतिबंधक गोळीही आता निघाली आहे. तिच्याविषयी डॉक्टरांना विचारावं. आणि निरोध फाटला, जबरदस्ती झाली, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जावं; २८ दिवसांच्या औषधानं लागण बहुधा टळू शकते. यांतलं काहीही कुणाच्या कबुलीची वाट पाहत नाही.

मग सांगण्याची गरजच उरली नाही का? उरली, आणि ती कुठे उरली हे एका उदाहरणानं दाखवतो. उदाहरण कल्पित आहे, पण समुपदेशकांपुढे अशी माणसं नित्य येतात.

समजा, हरसूलच्या पलीकडच्या एखाद्या पाड्यावरचा एक तरुण आहे. भात कापून झालं, की गावात काम उरत नाही. पहाटे गिरणाऱ्याच्या मजुरांच्या बाजारात उभा राहतो, कधी द्राक्षाच्या बागेत जातो, कधी सातपूर-अंबडच्या बाजूला खोली करून बांधकामावर राहतो. त्याचा तिथे एक मित्र आहे, आणि ती मैत्री नुसती मैत्री नाही. घरी आईवडिलांनी लग्न लावून दिलेलं आहे. बायको गरोदर आहे. ताप हटेना म्हणून हा नाशिकला सरकारी दवाखान्यात जातो, तिथे त्याची संमती घेऊन रक्त तपासतात, आणि बाधा निघते. संध्याकाळच्या एस.टी.त तो बसतो. त्र्यंबकचं वळण येतं. आता यानं काय करावं?

त्याच्यापुढे तीन माणसं आहेत: बायको, मित्र आणि तो स्वतः. चौथं माणूस तिच्या पोटात आहे.

त्यानं गप्प राहावं असं म्हणणारे त्याला पुष्कळ भेटतील. पण हिशेब करून पाहा. आईला बाधा असेल आणि उपचार झाले नाहीत, तर बाळाला लागण होण्याचा संभव शेकडा १५ ते ४५ इतका असतो. वेळेवर औषध सुरू केलं, तर तोच शेकडा ५ च्या खाली येतो. म्हणजे यानं आठ दिवसांत तोंड उघडलं की आठ महिन्यांनी, यावर एका मुलाचं आयुष्य टांगलेलं आहे. बायकोला बाधा झालेलीच असेल असंही नाही. नसेल, तर तिला वाचवायची वेळ अजून गेलेली नाही.

आणि आणखी एक अन्याय यात दडलेला आहे. आपल्याकडे गरोदर बाईची रक्ततपासणी होते. नवऱ्याची होत नाही. म्हणून पुष्कळ घरांत बाधा आधी बाईच्या रक्तात सापडते, आणि जिची तपासणी आधी झाली तिच्यावरच आळ येतो. सासू म्हणते, हीच घेऊन आली. ज्या नवऱ्याला खरं माहीत आहे, त्यानं त्या वेळी खाली मान घालून गप्प बसणं यासारखं दुसरं पाप नाही. कुठल्याही तीर्थात ते धुतलं जाणार नाही.

तेव्हा बायकोला सांगणं आलंच. पण ते एकट्यानं, रात्री, रागाच्या भरात किंवा दारू पिऊन सांगायचं नाही. दवाखान्यात समुपदेशक असतो. 'बायकोला तपासणीसाठी घेऊन येतो, तुम्ही समोर असताना बोलतो,' असं त्याला म्हणता येतं. आधी आजाराचं सांगावं. ते थांबू शकत नाही. ती विचारील, 'कुठून आला?' याचं उत्तर द्यायला त्याला वेळ लागेल. कायदा किंवा डॉक्टर ते उत्तर त्याच्याकडून हिसकावून घेत नाही. मात्र वेळ घेणं निराळं, आणि खोटं रचून दुसऱ्याच्या माथी मारणं निराळं. तिचं आरोग्य पहिल्या उत्तरावर अवलंबून आहे. त्यांचा संसार कसा चालेल, हे दुसऱ्या उत्तरावर. ती चिडेल, रडेल, कदाचित माहेरी जाईल. तो तिचा हक्क आहे. पण ती जिवंत आणि निरोगी राहून हे सगळं करील.

मित्रालाही सांगितलं पाहिजे. तोही तपासून घेईल, आणि त्याच्या घरीही कुणी असेल.

आणि उरलेल्या गावाला? गावाला सांगण्याचं काही एक कारण नाही. मुकादमाला नाही, सरपंचाला नाही, पारावर बसणाऱ्यांना तर नाहीच नाही. ज्याच्या जिवाशी गाठ आहे त्याला सांगावं; ज्याला नुसतं कुतूहल आहे त्याला सांगू नये. सगळ्या भाषणातलं एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.

कायदाही जवळजवळ हेच म्हणतो. याआधी न्यायालयांनी या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहिल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयानं १९९७ साली सांगितलं, की काम करायला समर्थ असलेल्या माणसाला केवळ एच.आय.व्ही. आहे म्हणून कामावरून दूर ठेवता येणार नाही. आणि त्या कामगाराला नाव गुप्त ठेवून दावा चालवू दिला. उलट १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असा खटला आला, की एका माणसाची बाधा रुग्णालयातून बाहेर कळली आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. तिथे न्यायालयानं नियोजित वधूच्या आरोग्याचा हक्क मोठा मानला. एकीकडे माणसाची गुप्तता, दुसरीकडे जोडीदाराचा जीव, अशी ही ओढाताण होती.

पुढे २०१७ साली संसदेनं एच.आय.व्ही. व एड्स यांविषयीचा स्वतंत्र कायदा केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. त्याच्या चारच दिवस आधी, ६ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयानं दंडविधानाचं ३७७ वं कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना लागू होणार नाही असा निकाल दिला होता. म्हणजे एकाच आठवड्यात समलिंगी माणसाच्या डोक्यावरची दोन ओझी हलकी झाली: आपण गुन्हेगार आहोत हे एक, आणि आपला आजार कुणीही चव्हाट्यावर मांडू शकतो हे दुसरं.

या कायद्यातल्या तीन-चार गोष्टी सर्वांनी ध्यानात ठेवाव्यात. समजावून सांगून घेतलेल्या संमतीवाचून कुणाची तपासणी करता येत नाही. न्यायालयाचा आदेश नसेल, तर कुणालाही आपली बाधा सांगायला भाग पाडता येत नाही. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर, सार्वजनिक पाणवठा, कुठेही या कारणावरून भेदभाव करता येत नाही. त्याचबरोबर बाधित माणसावर एक कर्तव्यही आहे: त्यानं दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून वाजवी काळजी घ्यायची, ती संरक्षणाच्या उपायांनी किंवा संबंधापूर्वी सांगून. ज्या स्त्रीला सांगितल्यामुळे मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची भीती आहे, तिला यातून सवलत आहे. आणि समजावूनही जर तो जोडीदाराला सांगायला तयार नसेल, जोडीदाराला खरोखर मोठा धोका असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक त्याला आधी तशी कल्पना देऊन जोडीदाराला समक्ष, समजावून सांगू शकतात. फक्त जोडीदाराला, सासऱ्याला नव्हे, शेजाऱ्याला नव्हे.

त्र्यंबकला आमच्या उपाध्यायांकडे जुन्या नामावळ्या आहेत. कुठल्या गावचा कुठला माणूस कधी आला, त्याचा बाप कोण, आजा कोण, सगळं त्यांत लिहिलेलं असतं, आणि यजमानाला ते काढून दाखवतात. दवाखान्याची वही मात्र तशी नाही. ती मिटलेलीच राहिली पाहिजे, हा कायदा आहे. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटेल या भीतीनं तपासणी टाळू नका. फारच संकोच वाटत असेल तर नाशिकला जा. तपासणी कुठल्याही सरकारी केंद्रात करता येते, आणि ती फुकट होते.

आता सांगण्याचं भय कमी करणारी सर्वांत मोठी गोष्ट सांगतो. पूर्वी हा आजार म्हणजे मरण, असं समीकरण होतं. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात सरकारी केंद्रांतून यावरचं औषध मोफत मिळू लागलं. २०१७ पासून बाधा निघाली, की प्रकृती ढासळायची वाट न पाहता लगेच औषध सुरू करतात. रोज न चुकता गोळी घेणारा माणूस आपलं पुरतं आयुष्य जगू शकतो. आणि एवढंच नाही. गोळ्यांनी रक्तातला विषाणू इतका कमी होतो, की तपासणीत तो सापडत नाही. अशा माणसापासून लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही.

हे ऐकीव नाही. नऊ देशांत झालेल्या एका मोठ्या संशोधनाचा निष्कर्ष २०११ साली आला. त्यात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचा सहभाग होता. लवकर औषध सुरू केल्यानं जोडीदाराला होणारी लागण शेकडा ९६ नं घटली, असं त्यात दिसलं. ती जोडपी बहुतेक स्त्री-पुरुषांची होती. मग युरोपात समलिंगी पुरुषांच्याच सुमारे ७८० जोडप्यांचं निरीक्षण झालं. एकाला बाधा, पण औषधानं विषाणू दबलेला. दुसऱ्याला बाधा नाही. निरोधाशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: बाधित जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. मात्र हे लागू पडतं ते औषध नियमित घेणाऱ्याला, आणि ज्याच्या रक्तातला विषाणू तपासून दबल्याचं पाहिलं आहे त्याला. चार दिवस गोळी चुकवून पाचव्या दिवशी हा दाखला देऊ नये. शिवाय इतर गुप्तरोग याने टळत नाहीत; त्यांना निरोधच लागतो.

तेव्हा आपल्या त्या तरुणाला बायकोपुढे बसून आता केवळ वाईट बातमी सांगायची नाही. 'मला बाधा आहे. मी औषध सुरू केलं आहे. तुझी तपासणी करू. बाळाला वाचवता येतं,' एवढं सगळं तो एका दमात सांगू शकतो.

शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. खेड्यात ज्याला कुणी नाही त्याला मास्तर असतात, बाई असतात. एखादा मोठा मुलगा वर्ग सुटल्यावर घुटमळतो, काही सांगू पाहतो, शब्द सापडत नाहीत. त्याला घाई करू नका. त्यानं सांगितलं, की मला मुली आवडत नाहीत, तर त्याच्या बापाला बोलावून घेऊ नका. वर्गात बायल्या म्हणून कुणाला चिडवत असतील तर ते तिथल्या तिथे थांबवा; आज चिडवलेला मुलगा उद्या दवाखान्याची पायरी चढायला भितो. बाधित मुलाचं नाव हजेरीपटावर इतरांसारखंच असू द्या, आणि तुम्हांला कळलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीतही नेऊ नका. अभ्यासासाठी मराठीतही साहित्य आहे. पुण्याचे बिंदुमाधव खिरे यांनी लैंगिकतेवर सोप्या मराठीत पुस्तकं लिहिली आहेत. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट ही संस्था समलिंगी पुरुषांच्या आरोग्याचं काम करीत आहे.

आईवडिलांनाही एक विनंती. मुलगा लग्नाला नको म्हणत असेल तर 'लग्न झालं की ताळ्यावर येईल' असं म्हणून त्याला बोहल्यावर चढवू नका. ताळ्यावर काही येत नाही. एका ऐवजी दोन आयुष्यं कोंडली जातात, आणि दुसरं आयुष्य कुणाच्या तरी लेकीचं असतं.

शेवटी तुम्हां सर्वांना. कधी काळी कुणी तुमच्याजवळ येऊन ही गोष्ट सांगेल. भाऊ असेल, भाचा असेल, बालमित्र असेल. त्या वेळी 'कसा झाला?' हा प्रश्न गिळून टाका. 'औषध सुरू केलंस का?' एवढं विचारा. मग चहा टाका आणि त्याच्याबरोबर बसून प्या. त्यानं सांगितलेलं तुमच्यापाशीच राहू द्या. लोक खरं का सांगत नाहीत असं आपण विचारतो. पण खरं सांगणाऱ्याचं आपण काय करतो, ते पाहून मगच दुसरा तोंड उघडतो.

ज्यांना कुणाशीच बोलता येत नाही त्यांच्यासाठी १०९७ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो सबंध देशात चालतो, पैसे पडत नाहीत आणि नाव सांगावं लागत नाही. क्रमांक पुन्हा सांगतो, लिहून घ्या: एक शून्य नऊ सात.